हाडगिळा आणि त्याचे चितारी

आमच्या घरापासून मुठा नदीचे पात्र पायी दहा मिनिटांच्या अंतरावर आहे. नदी म्हणावयाची ती केवळ जुन्या सवयीने. पावसाळ्याचे चार महिने वगळले तर त्या पात्रातून जे वाहते त्यास पाणी हे नाव देताना जीभ कचरते. तथापि त्याच काळ्या व दुर्गंधियुक्त प्रवाहात सकाळच्या प्रहरी शेकाटे मोठ्या संख्येने उभे असतात. काळे पंख, पांढरे पोट आणि एवढ्याशा देहाला न शोभणारे लांबच लांब गुलाबी पाय, असे हे पक्षी चिखलात चोच खुपशीत सावकाश फिरत असतात. आमचे एक शेजारी, निवृत्त इंजिनियर, गेली तीन वर्षे नित्यनेमाने घडीची खुर्ची घेऊन काठावर जातात व त्यांची चित्रे काढतात. आरंभी लोक त्यांस हसत असत. आता हसत नाहीत, एवढाच काय तो फरक.

या गृहस्थांनी एके दिवशी आम्हांस सहज विचारले, "प्रोफेसरसाहेब, आपल्या देशात पूर्वी कोणी असे घराजवळचे पाणपक्षी समोर पाहून काढीत असत काय?" आम्ही इतिहासाचे अध्यापक, अशा प्रश्नाला उत्तर देण्यास विलंब लावणे आमच्या पेशास कमीपणा आणणारे. आम्ही तात्काळ जहांगीर बादशहा आणि त्याचा चितारी मन्सूर ही दोन नावे सांगून मोकळे झालो. त्यांचे समाधान झाले; आमचे मात्र झाले नाही. घरी आल्यावर तो प्रश्न आमच्या मनात घोळत राहिला आणि त्याचे खरे उत्तर आग्र्यात किंवा दिल्लीत नसून कलकत्त्यात आहे, असे हळूहळू ध्यानात आले. ते उत्तर वाचकांपुढे ठेवावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. पाणथळीत उभ्या राहणाऱ्या पक्ष्यांची आपल्या वाङ्मयात वाण नाही. उलट त्यांची गर्दीच आहे. परंतु ते पक्षी बहुधा पक्षी म्हणून आलेले नाहीत. बगळा आला की तो ढोंगी साधू म्हणून येतो. सारस आला की एकनिष्ठ दांपत्याचे प्रतीक म्हणून येतो. हंसाच्या वाट्यास तर दूध व पाणी वेगळे करण्याचे काम आले आहे, जे कोणत्याही हंसाने आजवर केल्याचे ऐकिवात नाही. आदिकाव्याचा जन्म क्रौंच पक्ष्याच्या वधातून झाला अशी आपली परंपरा सांगते. ज्या पक्ष्याच्या मरणाने आपल्या काव्याचा आरंभ झाला, तो पक्षी नेमका कोणता याविषयी मात्र पंडितांत एकवाक्यता नव्हती. ज्युलिया लेस्ली या विदुषीने १९९८ मध्ये या प्रश्नाचा साधकबाधक विचार करून तो सारसच असला पाहिजे असे प्रतिपादन केले. निर्णय काहीही असो, इतकी शतके आपण तो श्लोक म्हणत आलो आणि पक्ष्याची ओळख पटविण्यास विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली, ही गोष्ट बोलकी आहे. अजिंठ्याच्या भिंतींवर हंसांच्या सुरेख आकृती आहेत; परंतु तेथेही चिताऱ्याचे लक्ष कथेकडे आणि अलंकरणाकडे आहे. हा पक्षी अमुक इतका उंच, त्याच्या पायाचा सांधा येथे, चोचीचा बाक असा, या दृष्टीने पाहणे ही निराळी वृत्ती होय.

ती वृत्ती जहांगीरापाशी निःसंशय होती. राज्यकर्ता म्हणून त्याच्याविषयी कोणी काहीही म्हणो, निरीक्षक म्हणून त्याची योग्यता मोठी होती. त्याच्यापाशी सारसांची एक जोडी होती. त्यांस तो लैला आणि मजनू म्हणत असे. १६१८ च्या सुमारास अहमदाबादच्या मुक्कामात या जोडीने अंडी घातली, तेव्हा मादी रात्रभर अंड्यांवर कशी बसते, नर जवळ उभा राहून पहारा कसा करतो, हे सर्व त्याने आपल्या आत्मचरित्रात बारकाईने नमूद करून ठेविले आहे. मन्सूरला त्याने 'नादिर-उल्-अस्र', म्हणजे आपल्या काळातील अद्वितीय, असा किताब दिला होता. मन्सूरने काढलेला सैबेरियातील पांढरा करकोचा कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. युरोपीय शास्त्राने त्या पक्ष्यास १७७३ मध्ये नाव दिले. मन्सूरने त्यास शंभराहून अधिक वर्षे अगोदर कागदावर उतरविले होते. हा करकोचा भरतपूरच्या सरोवरावर हिवाळ्यात येत असे. २००१-०२ च्या हिवाळ्यानंतर तो तेथे आलेला नाही.

परंतु मन्सूरचे उदाहरण आमच्या शेजाऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून अपुरे पडते. मन्सूर बादशहाच्या स्वारीबरोबर हिंडणारा दरबारी चितारी होता. बादशहास जे अपूर्व वाटे ते त्याने काढावे. अपूर्वतेकडे लक्ष जाणे स्वाभाविकच आहे. खरी परीक्षा असते ती दारातील नित्याच्या पक्ष्याकडे पाहण्यात.

आता आपण १७७७ च्या कलकत्त्याकडे वळू. त्या काळच्या इतिहासात इंपे हे नाव सुखाने उच्चारले जात नाही. सर एलायजा इंपे हे १७७४ मध्ये स्थापन झालेल्या सुप्रीम कोर्टाचे पहिले मुख्य न्यायाधीश. महाराजा नंदकुमारावर खोट्या दस्तऐवजाचा आरोप येऊन त्यास ५ ऑगस्ट १७७५ रोजी फाशी देण्यात आले, तो खटला यांच्याच अध्यक्षतेखाली चालला. पुढे यांच्यावर पार्लमेंटात महाभियोगाचा प्रयत्न झाला व १७८८ मध्ये तो फसला. १८४१ मध्ये मेकॉलेने वॉरन हेस्टिंग्जवरील आपल्या निबंधात इंपे यांस जे काळे फासले ते आमच्यासारख्या इंग्रजी शिकलेल्यांच्या स्मरणात पक्के बसले आहे. १८८५ मध्ये जेम्स फिट्झजेम्स स्टीफन याने दोन खंड लिहून ते पुसण्याचा प्रयत्न केला, पण मेकॉलेची शैली स्टीफनपाशी नव्हती, आणि लोकमताच्या न्यायालयात बहुधा शैलीचाच जय होतो. या वादात आम्ही येथे पडत नाही. ज्या घरातून हे न्यायाधीश कोर्टात जात, त्या घराच्या बागेत त्याच सुमारास काय चालले होते, ते मात्र आम्हांस सांगावयाचे आहे.

हे घर आजच्या मिडलटन रो या रस्त्यावर होते. त्याच्या भोवतालच्या हरणांच्या उपवनावरून पार्क स्ट्रीट हे नाव पडले, असे सांगतात. त्यापूर्वी तो रस्ता कबरस्तानाचा रस्ता म्हणून ओळखला जाई, आणि आता तर त्यास मदर तेरेसा यांचे नाव दिले गेले आहे. इंपे यांची पत्नी मेरी हिने या विस्तीर्ण आवारात पशुपक्ष्यांचा मोठा संग्रह केला. श्रीमंत इंग्रजांच्या घरी असे संग्रह असणे काही नवल नव्हते. नवल हे की, १७७७ पासून या बाईने त्या पशुपक्ष्यांची चित्रे काढविण्यासाठी पाटण्याकडील तीन चितारी ठेविले: शेख झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास. इंपे कुटुंबाने १७८३ मध्ये हिंदुस्थान सोडले. तोवर तीनशेहून अधिक चित्रे तयार झाली होती व त्यांपैकी निम्म्याहून अधिक पक्ष्यांची होती. शक्य असेल तेथे पक्षी जिवंत समोर ठेवून व प्रत्यक्षाच्या मापाने काढावा असा दंडक होता. बाई स्वतः त्यांच्या सवयींविषयी टिपणे ठेवीत असे.

या चिताऱ्यांवर केवढा पालट ओढवला होता, याची कल्पना सहसा केली जात नाही. त्यांचे घराणे मोगली कलमाचे. त्या कलमाचे चित्र हातात धरून पाहावयाचे, वहीच्या पानाएवढे. दाट रंगांचे थर द्यावयाचे, कागद पालथा घालून मागून अकीकाने घोटावयाचा आणि पुन्हा रंग द्यावयाचा. दिल्लीचा आश्रय आटला तेव्हा हे कसबी लोक मुर्शिदाबाद, पाटणा असे पूर्वेकडे सरकत गेले. आता त्यांच्यापुढे व्हॉटमन या इंग्रज कारखानदाराचे भले मोठे जाड कागद आले, पातळ पाणरंग आले आणि मध्यभागी एकच पक्षी, भोवती सर्व कोरे, अशी युरोपीय वनस्पतिचित्रांची मांडणी आली. चाळिशी उलटलेल्या मनुष्यास दुसऱ्या भाषेत विचार करावयास सांगावे तसाच हा प्रकार. आम्ही स्वतः बालपण मराठीत व विद्या इंग्रजीत अशी वाटणी भोगलेली असल्यामुळे आम्हांस त्या उस्तादांविषयी किंचित अधिक आपलेपणा वाटतो, हे कबूल केले पाहिजे.

परंतु झैनुद्दीनने नव्या भाषेत जुन्याच विद्येने लिहिले. त्याच्या पक्ष्यांची पिसे मोजून घ्यावीत. खारीच्या केसांच्या कुंचल्याने ओढलेली प्रत्येक पिसाची शीर वेगळी दिसते. कोठेही रंगाचा फराटा मारून काम भागविलेले नाही. पाणथळीतील मोठ्या पक्ष्यांचे चित्रण हे तर चिताऱ्याच्या धीराची कसोटीच होय. अन्य पक्ष्यांचा बराचसा देह पिसांखाली झाकलेला असतो व पिसे चिताऱ्याच्या चुका पोटात घालतात. करकोच्याचे पाय उघडे. त्यांवरील खवल्यांची ओळ, वळणारे सांधे, बोटांची ठेवण, काहीही लपत नाही. ज्यास आपण त्याचा गुडघा समजतो तो वस्तुतः घोटा होय. खरा गुडघा वर पिसांत दडलेला असतो आणि म्हणून तो पाय आपल्याला उलटा मोडल्यासारखा वाटतो. ही गोष्ट ज्याने नीट पाहिली नाही त्याचा करकोचा कागदावर लंगडतो. झैनुद्दीनचे लांब पायांचे पक्षी तोल सांभाळून उभे आहेत. चित्रबलाकासारखा पक्षी घेतला तर पिसे नसलेला शेंदरी चेहरा, टोकाशी किंचित वाकलेली पिवळी चोच, छातीवरचा काळपट पट्टा आणि शेपटीकडील गुलाबी झाक, एवढे रंग एका देहावर नांदवावयाचे असतात. थोडा हात चुकला की पक्षी नाटकातल्या राजासारखा दिसू लागतो.

प्रत्यक्षाच्या मापाचा दंडकही मोठ्या पाणपक्ष्यांच्या बाबतीत जाचक ठरणाराच. पुढे ऑडुबॉनने १८२७ ते १८३८ या काळात आपला प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला तेव्हा त्यालाही हीच अडचण आली. सुमारे ४० इंच उंचीचा कागद घेऊनही रोहित पक्षी त्यात मावेना; शेवटी त्याने त्याची मान खाली वाकविली आणि ती वाकविलेली मान हेच त्या चित्राचे सौंदर्य ठरले. ऑडुबॉनविषयी येथे एवढेच म्हणतो की, तो पक्षी मारून, तारांनी बांधून, हव्या त्या अवस्थेत उभे करून काढीत असे. पाटण्याच्या चिताऱ्यांपुढे जिवंत पक्षी होते, आणि जिवंत पक्षी चिताऱ्याच्या सोयीने उभा राहत नाही.

प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात पक्ष्याचे नाव फारसी लिपीत लिहिलेले असे. शिवाय ते कलकत्त्याच्या लेडी इंपे यांच्या संग्रहातील असल्याची इंग्रजी नोंद, चिताऱ्याचे नाव, 'पाटण्याचा रहिवासी' अशी त्याची ओळख आणि वर्ष. ही सही पाहिली की आम्हांस नेहमी थांबावेसे वाटते. आपल्या देशातील कितीतरी मूर्ती, लेणी व चित्रे यांचे कर्ते निनावी राहिले. येथे एका परकीय न्यायाधीशाच्या घरी, पगारी नोकर म्हणून काम करणाऱ्या माणसाचे नाव, गाव आणि वर्ष कागदावर राहिले. याचे श्रेय त्या बाईस दिले पाहिजे.

आणि आता हाडगिळ्याची कथा. हे नाव बंगाली व आसामी भाषांतील 'हाडगिला' याचे रूप असून हाड आणि गिळणे हे शब्द आपलेच असल्यामुळे मराठी वाचकास ते फोड करून सांगावयास नको. बलाककुळातील अत्यंत थोराड पक्ष्यांपैकी हा एक, माणसाच्या छातीखांद्यास लागेल एवढा, म्हणजे सुमारे पाच फूट उंच. डोके बहुतेक बोडके, चोच पाचरीसारखी जाड, मानेखाली लोंबणारी तांबूस पिशवी. पुष्कळांचा समज असा की, तो त्या पिशवीत अन्न साठवितो; तो खरा नाही, ती हवेची पिशवी आहे. पाय मूळचे करडे, परंतु उन्हाळ्यात अंग थंड राखण्यासाठी तो ते स्वतःच्या विष्ठेने माखतो व त्यामुळे ते पांढरे दिसतात. समोर दिसते ते काढणाऱ्याने त्या पायांस कोणता रंग द्यावा, हा तत्त्वज्ञानाचाच प्रश्न होय! चालण्याची ऐट लष्करी अधिकाऱ्याची, म्हणून इंग्रजांनी त्यास ॲड्जुटंट असे नाव दिले.

कलकत्त्यात हा पक्षी दुर्मिळ तर नव्हताच, उलट डोळ्यांवर येईल इतका होता. पावसाळ्याच्या सुमारास हाडगिळ्यांचे थवे येत, कचऱ्याच्या ढिगांवर चरत, मेलेली जनावरे फस्त करीत आणि हिवाळ्यात निघून जात. १८०३ मध्ये गव्हर्न्मेंट हाउस उभे राहिल्यावर त्याच्या वेशीच्या कमानींवर ते पहारेकऱ्यांसारखे बसलेले दिसत. लोक त्यास अमंगळ मानीत. गोरे सोल्जर त्याची क्रूर थट्टा करीत. हाडाच्या पोकळीत दारू भरून, वात पेटवून, ते हाड त्यास गिळावयास देण्यापर्यंत या करमणुकीची मजल गेली होती. असा पक्षी कोण कशाला पाहील आणि काढील? परंतु लेडी इंपेच्या संग्रहात त्याचेही चित्र झाले.

त्या चित्राचा पुढील प्रवास फार मनोरंजक आहे. इंग्लंडात डार्टफर्ड गावी जॉन लेथम नावाचा एक डॉक्टर पक्ष्यांचा मोठा ग्रंथ लिहीत होता. हिंदुस्थान त्याने कधी पाहिले नाही. एडवर्ड आइव्ह्ज या नाविक दलातील शल्यवैद्याने १७७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तात या प्रचंड पक्ष्याचे वर्णन होते. त्यावरून लेथमने त्याचा समावेश केला आणि पुढे पुरवणीत चित्रही दिले. ते चित्र लेडी इंपेच्या संग्रहातील चित्रावरून केलेले होते. जर्मनीतील ग्मेलिन याने लेथमच्या वर्णनाचा आधार घेऊन १७८९ मध्ये या पक्ष्यास शास्त्रीय नाव दिले. ते नाव 'दुबिया'. त्या लॅटिन शब्दाचा अर्थ संशयित, शंकास्पद. जो पक्षी कलकत्त्यातील कोणत्याही भिस्त्याने किंवा मेहतराने एका नजरेत ओळखला असता, तो ग्रंथात शंकास्पद ठरला! लेथमने आफ्रिकेतील एका प्रवाशाची माहितीही याच पक्ष्याच्या वर्णनात मिसळली होती. १८२४ मध्ये टेमिंकने सेनेगालमधील स्थानिक नाव घेऊन 'मराबू' असे नामकरण केले आणि ते बंगालच्या पक्ष्यासही लागू होऊ लागले. आफ्रिकेतील पक्षी कोणता आणि बंगालमधील कोणता, हा घोळ पुढे बराच काळ चालू होता. पक्ष्याचे शास्त्रीय नाव आजही 'दुबिया'च आहे.

आमचे म्हणणे असे की, ही शंका चित्रात नव्हती. ज्याने पक्षी समोर उभा पाहून काढला त्यास कसली शंका? शंका उत्पन्न झाली ती पाहणारा आणि नाव ठेवणारा यांच्यामध्ये पाच-सहा महिन्यांचा समुद्र पडल्यामुळे. नाव ठेवण्याचा अधिकार न पाहणाऱ्याकडे होता. याच लेथमने हिमालयातील मोनाल या अतिसुंदर पक्ष्यास लेडी इंपेचे नाव दिले. ते तिला शोभतेही. झैनुद्दीन, भवानी दास वा राम दास यांच्या वाट्यास असा मान आला नाही. लेथमला कोणी दुष्ट म्हणू नये. त्याच्या पिढीस चितारी हा कुंचल्यासारखाच एक उपकरण वाटे. आमच्यापैकी किती जण पुस्तकातील नकाशा कोणी काढला हे पाहतात?

हे सर्व खरे असले तरी या चित्रांतील एक उणीव सांगितल्याशिवाय आमचे मन मोकळे होणार नाही. झैनुद्दीनच्या पाणपक्ष्यांस पाणी नाही. ते पांढऱ्या शुभ्र कागदावर उभे आहेत. ज्याचे पाय पाण्यासाठी, ज्याची चोच चिखलासाठी, त्यास पाणी व चिखल यांतून उचलून कोऱ्या पानावर ठेविले आहे. त्याच काळात लखनौ येथे, बहुधा क्लॉड मार्टिन या फ्रेंच गृहस्थासाठी, काढलेल्या चित्रांत पक्ष्याच्या पायांमागे बुटके क्षितिज, थोडी जमीन, थोडे गवत दिसते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधील काळ्या करकोच्याचे चित्र याच प्रकारचे आहे. चित्र म्हणून झैनुद्दीन सरस. परंतु पक्षी कोठे राहतो हे लखनौवाला निदान सुचवितो. कोरा कागद ही शास्त्राची मागणी होती. बागेत बाळगलेल्या पक्ष्यास तिने एकदा त्याच्या दलदलीतून उचलले, कागदावर दुसऱ्यांदा.

आणि नेमकी ती दलदलच पुढे गेली. कलकत्त्याच्या पूर्वेकडील खाऱ्या सरोवरांचा मोठा भाग भरून तेथे १९६० नंतर सॉल्ट लेक हे उपनगर वसविण्यात आले. उरलेल्या पाणथळीपैकी सुमारे १२,५०० हेक्टरांस २००२ मध्ये रामसर कराराखाली आंतरराष्ट्रीय महत्त्वाची जागा म्हणून मान्यता मिळाली. हाडगिळा त्यापूर्वीच नाहीसा झाला होता. शहराची सफाई सुधारली, ज्या ब्रह्मदेशातील अरण्यांत तो वीण करीत असे तेथील झाडे पडली, आणि त्याची मऊ पिसे तर फार आधीपासून मडमांच्या टोप्यांसाठी परदेशी जात होती. नदिया भागातील कुमारखाली गावावरून लंडनच्या बाजारात त्या पिसांस 'कॉमरकॉली' म्हणत. विसाव्या शतकात कलकत्ता त्यास पारखे झाले. गमतीची गोष्ट ही की, कलकत्ता कॉर्पोरेशनला १८९६ मध्ये मिळालेल्या मानचिन्हात ढालीच्या दोन बाजूंस दोन हाडगिळेच उभे होते. ज्यास हाडे चघळणारा अमंगळ म्हणून हिणविले तो नगराचा मानकरी झाला, आणि मानकरी होता होताच निघून गेला.

आता तो मुख्यतः आसामात, थोडा बिहारमध्ये व कंबोडियात उरला आहे. आसामच्या कामरूप जिल्ह्यातील खेड्यांत पूर्णिमा देवी बर्मन या प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी गावकरी स्त्रियांना संघटित करून, ज्या झाडांवर त्याची घरटी असतात ती झाडे तोडू नयेत म्हणून अनेक वर्षे खटपट केली. या स्त्रिया आपल्या मागावरील वस्त्रांत हाडगिळ्याची आकृती विणतात. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने बर्मन यांचा गौरव केला. लेडी इंपेनंतर या पक्ष्याकडे प्रेमाने पाहणारी ही दुसरी ख्यातनाम स्त्री असावी, असे म्हणण्याचा मोह होतो.

चित्रांचे काय झाले? इंपे यांच्यामागून ती इंग्लंडास गेली. १८१० मध्ये लंडनमध्ये त्यांचा लिलाव झाला आणि संग्रह पांगला. काही चित्रे १८५५ मध्ये लिनियन सोसायटीकडे आली. पुढे ती 'कंपनी शैली' या नावाखाली मोडत. या नावात कंपनी आहे, चितारी नाही. डिसेंबर २०१९ मध्ये लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्ये विल्यम डॅलरिंपल यांनी मांडलेल्या प्रदर्शनाने या लोकांस 'विस्मृत उस्ताद' म्हटले व त्यांची नावे प्रथमच ठळकपणे पुढे आणली. दोनशे चाळीस वर्षे सही कोपऱ्यातच होती. वाचावयास कोणी खाली वाकले नव्हते.

येथे वाचक विचारील की, आपल्या मराठ्यांचे या बाबतीत काय? अगदीच काही नाही असे नाही. सवाई माधवरावांच्या काळी पुण्यातील इंग्रज वकील मॅलेट याच्या पदरी गंगाराम तांबट नावाचा चितारी होता. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे त्याने १७९० मध्ये काढलेले चित्र उपलब्ध आहे. तंजावरचे सरफोजी राजे यांनी तर प्राणी व पक्षी यांची चित्रे मुद्दाम काढविली व तेथील इंग्रज रेसिडेंट टोरिन यांस भेट दिली. ती आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. भोसले कुळातील एका राजाने काढविलेली पक्ष्यांची चित्रे पाहावयास मराठी माणसाने थेम्सच्या काठी जावे हे थोडे विचित्रच. परंतु तंजावरच्या मराठ्यांकडे आपण महाराष्ट्रीयांनी फारसे लक्ष कधी दिले होते? गंगाराम तांबटाचे नाव तरी पुण्यातील किती सुशिक्षित घरांत ठाऊक आहे, हे वाचकांनी आपल्याच घरी विचारून पाहावे.

ही सर्व हकीगत आम्ही आमच्या शेजाऱ्यांस एका रविवारी सांगितली व झैनुद्दीनच्या काही चित्रांच्या छापील प्रतीही दाखविल्या. त्यांनी बराच वेळ भिंग लावून करकोच्याचे पाय पाहिले आणि शेवटी सुस्कारा टाकून म्हणाले, "हे आपल्याच्याने व्हावयाचे नाही." मग थोड्या वेळाने त्यांनी आपले स्वतःचे अपुरे चित्र काढले. तीन शेकाटे होते. पाय अद्याप थोडे जाडच होते. खालची बाजू कोरी होती. "पाण्याचे काय करावे हेच समजत नाही," ते म्हणाले, "निळे काढले तर खोटे होते, आणि आहे तसे काढले तर चित्र भिंतीवर कोण लावील? तुमच्या झैनुद्दीनसारखे कोरेच सोडू काय?"

आम्ही म्हणालो, काळेच काढा. त्यांनी मान हलविली, परंतु आमचे म्हणणे त्यांस पटले की नाही ते कळले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीप्रमाणे खुर्ची घेऊन नदीवर गेले.